पेट्रोलवरचा कर : हवामानासाठी की तिजोरीसाठी?

हवामानबदल रोखायचा तर पेट्रोलवर जबर कर हवाच, असे म्हटले जाते. हे विधान आकड्यांवर तपासू. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मे २०२२ च्या कपातीनंतर केंद्रीय उत्पादन शुल्क लिटरमागे १९.९० रुपये उरले. म्हणजे वायूच्या किलोमागे सुमारे ८.६५ रुपये. त्या वेळी कोळशावरील उपकर टनाला ४०० रुपये होता. एका टनातून साधारण दीड टन वायू निघतो. म्हणजे किलोमागे जेमतेम २७ पैसे.

दवनीवाड्याहून दुचाकीने गोंदियाला नोकरीसाठी जाणारा माणूस आणि त्याच जिल्ह्यातील तिरोड्याचे ३,३०० मेगावॅटचे कोळशावरील वीजकेंद्र यांच्यात असा तीसपट फरक! वातावरणाला मात्र दोन्हींचे रेणू सारखेच. शिवाय सोयीची बस नसेल, तर करवाढीने प्रवास घटत नाही, फक्त खर्च वाढतो.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये कार्बन कर लावताना इतर कर कमी केले होते. वायूच्या किलोमागे समान दर आणि जमा रकमेतून बससेवा, एवढे केले तरच अशा कराला हवामान धोरण म्हणता येईल. हे त्रैराशिक वर्गात जरूर घालून पाहा.