सहा जणांचा एक लघुपट : ‘ऑक्टापोडी’ आणि ‘गार्डन पार्टी’



चित्रपटाची समीक्षा लिहिताना आपण प्रथम दिग्दर्शकाचे नाव शोधतो. विद्यार्थी गटाच्या अ‍ॅनिमेशनपटापाशी ही सवय अडते, कारण तेथे दिग्दर्शक एकच नसतो. या पाठात आपण असे दोन फ्रेंच लघुपट पाहणार आहोत. ‘ऑक्टापोडी’ (२००७) पॅरिसच्या गोब्लँ या संस्थेतील सहा विद्यार्थ्यांनी केला. ‘गार्डन पार्टी’ (२०१७) आर्ल येथील मोपा या संस्थेतील सहा विद्यार्थ्यांनी. दोन्हींना ऑस्करचे नामांकन मिळाले. आपल्यापुढचा प्रश्न असा : सहा जणांचे काम एकसंध कशामुळे वाटते?

१. मर्यादा आणि निवड

पडद्यावरच्या एका सेकंदासाठी साधारणपणे २४ फ्रेम लागतात. म्हणजे अडीच मिनिटांच्या लघुपटासाठी ३,६०० फ्रेम होतात. विद्यार्थ्यांकडे वेळ मोजका असतो आणि प्रत्येकाचे कौशल्य वेगळे असते. त्यामुळे काय दाखवायचे याइतकेच काय गाळायचे हे ठरवणे महत्त्वाचे असते. हा निर्णय गटाने एकत्र घेतला, तरच पुढे वाटून केलेले काम जुळते.

२. ‘ऑक्टापोडी’ : वेगाचा आधार

‘ऑक्टापोडी’ म्हणजे ग्रीक भाषेत ऑक्टोपस. ग्रीसमधील एका गावात दोन ऑक्टोपस काचेच्या टाकीत एकमेकांना बिलगून असतात. त्यांतल्या एकाला स्वयंपाकासाठी उचलून नेले जाते आणि दुसरा त्या गाडीचा पाठलाग करतो. कथा एवढीच. संवाद नाहीत, पूर्वकथा नाही.

पात्राची निवड मात्र विचारपूर्वक केलेली आहे. ऑक्टोपसला हाडे नाहीत. शरीर दबणे आणि ताणले जाणे हे अ‍ॅनिमेशनचे मूळ तत्त्व येथे पात्राच्या देहातच आहे. पांढऱ्या घरांच्या पार्श्वभूमीवर नारिंगी आणि गुलाबी रंग चटकन ओळखू येतात, म्हणून वेगवान दृश्यांतही आपली नजर चुकत नाही. प्रेम शब्दांतून नव्हे, तर एकमेकांना धरून ठेवणाऱ्या भुजांमधून कळते. उणीव सांगायची तर गाडी चालवणारा माणूस ठोकळेबाज विनोदी पात्र राहतो. त्याच्यापासून खरा धोका आहे असे क्वचितच वाटते.

३. ‘गार्डन पार्टी’ : निश्चलतेचा आधार

दुसऱ्या लघुपटाने उलट वाट धरली. एका ओसाड, श्रीमंती बंगल्यात बेडूक वावरतात : कोणी खातो, कोणी उडी मारतो, कोणी नुसता बसून राहतो. त्यांना बंगल्यात काय घडले याची कल्पना नाही. आपल्याला मात्र गोळीच्या खुणा दिसतात. शेवटी दिवे लागतात, संगीत सुरू होते आणि तलावात मालकाचे प्रेत वर येते.

येथे जिवंत माणूस पडद्यावर येतच नाही. माणसाच्या चालीतली बारीकशी चूकही प्रेक्षकाला खटकते. बेडकाबाबत आपण इतके चिकित्सक नसतो. पण हे टाळणे केवळ सोयीचे राहिलेले नाही. माणूस नाही, हीच कथा आहे. प्रत्येक बेडकाचा प्रसंग स्वतंत्र असल्याने अशा रचनेत काम वाटून घेता येते आणि बंगला ते सारे एकत्र बांधतो. मध्यंतरी काही दृश्ये ओल्या त्वचेचा तपशील मिरवण्यासाठीच रेंगाळतात, हा दोष मान्य करावा लागतो. तरीही शेवटच्या दृश्यामुळे आधीचे संथपण अर्थपूर्ण ठरते.

दोन्ही लघुपटांतील एकसंधपणा असा विषयाच्या निवडीतून आला आहे. एकाने वेग निवडला, दुसऱ्याने निश्चलता. दोघांनीही त्या निवडीला न पेलणाऱ्या गोष्टी गाळल्या.

४. श्रेय कोणाचे?

ऑस्करच्या अ‍ॅनिमेशन लघुपट विभागात नामांकन दोनच व्यक्तींच्या नावे झाले. ‘ऑक्टापोडी’साठी एमुद मोख्बेरी आणि तिएरी मार्शां, तर ‘गार्डन पार्टी’साठी व्हिक्टोर केर आणि गाब्रिएल ग्राप्रों. पुरस्काराच्या यादीवर विसंबून लिहिणारा समीक्षक उरलेल्या आठ जणांना नकळत पुसून टाकतो. ती नावे अशी : झुलियँ बोकाबेय, फ्रांस्वा-झाव्हिए शानियू, ओलिव्हिए दलाबार, कांतँ मार्मिए; फ्लोरियां बाबिकियां, व्हँसां बायू, तेओफिल द्युफ्रेन, ल्युका नाव्हारो.

हा प्रश्न तुमच्याही जवळचा आहे. महाविद्यालयातल्या गटप्रकल्पात ज्याने सादरीकरण केले त्याचेच नाव लक्षात राहते. पार्श्वभूमी रंगवणारी किंवा ध्वनी जुळवणारा विसरला जातो. म्हणून गटाने केलेल्या कृतीवर लिहिताना श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचा आणि ‘दिग्दर्शकाने असे केले’ या वाक्याऐवजी ‘गटाने असे ठरवले’ असे लिहून पाहा. वाक्य बदलले की प्रश्नही बदलतात : हे कोणाला सुचले यापेक्षा, हे सर्वांना का पटले असावे, याकडे आपण वळतो.

स्वाध्याय

१. ‘गार्डन पार्टी’त जिवंत माणूस दाखवला असता तर शेवटचा परिणाम कसा बदलला असता?
२. तुमच्या परिसरातील एखादा प्राणी निवडा. त्याच्या हालचालीतून संवादाविना सांगता येईल अशी दोन मिनिटांची कथा पाच वाक्यांत लिहा.
३. त्या कथेतून तुम्ही काय गाळले आणि का, ते स्पष्ट करा.