सूक्ष्मरचनेच्या संगणकीय प्रतिरूपणातील अंतरिम फलिते : एक चिकित्सा

प्रास्ताविक

धातूची बळकटी व ठिसूळपणा हे गुणधर्म केवळ त्याच्या रासायनिक घटकांवर नव्हे, तर त्यातील सूक्ष्म कणांच्या आकारावर व मांडणीवरही अवलंबून असतात. ही सूक्ष्मरचना कशी घडते याचे प्रतिरूपण करणाऱ्या संगणकीय आज्ञावली आज संशोधनाचे नित्याचे साधन झाल्या आहेत. जर्मनीतील आखेन येथे विकसित झालेली 'मिक्रेस' ही त्यांपैकी एक होय. गणन चालू असताना ठरावीक कालांतराने अंतरिम फलिते नोंदविण्याची सोय अशा आज्ञावलींत असते. तथापि शोधनिबंधात पुष्कळदा अखेरचे चित्रच छापले जाते आणि ते सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रासारखे दिसले की प्रतिरूपण यशस्वी मानले जाते. ही प्रथा चिकित्सेस पात्र आहे. कारण चुकीच्या गणनातूनही विश्वसनीय भासणारे चित्र निर्माण होऊ शकते.

कणवाढीचा दाखला

तापविलेल्या शुद्ध धातूत मोठे कण लहान कणांना गिळून वाढतात. बर्क व टर्नबुल यांच्या 1952 मधील विवेचनानुसार सरासरी त्रिज्या काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे 0.5 या घातांकाने वाढावी. अँडरसन, स्रोलोविट्झ, ग्रेस्ट व साहनी यांनी 1984 मध्ये मोंटे कार्लो पद्धतीने केलेल्या द्विमितीय प्रतिरूपणात मात्र हा घातांक 0.41 आला. चित्रे वास्तवाशी मिळतीजुळती होती. विसंगती आकड्यात होती. पुढील अधिक दीर्घ गणनांत घातांक 0.5 च्या जवळ गेला. आरंभीचा कणाकार वजा न करता लघुगणकी आलेखाचा उतार मोजल्यास सुरुवातीच्या काळात घातांक कमी भासतो. म्हणून फलित कोणत्या टप्प्यावरचे, हा प्रश्न गौण ठरत नाही.

याहून काटेकोर कसोटी फॉन नॉयमन (1952) व मलिन्स (1956) यांच्या नियमात आहे. सर्व कणसीमा समान गुणधर्माच्या असतील तर द्विमितीत सहा बाजूंच्या कणाचे क्षेत्रफळ स्थिर राहते, कमी बाजूंचे कण आक्रसतात व अधिक बाजूंचे वाढतात. अंतरिम फलितांत पाच बाजूंचा कण निश्चल आढळला, तर सीमा गणनजालाला अडकून राहिल्याची शंका प्रथम घ्यावी.

घनीभवनातील दोषशोधन

4 टक्के तांबे असलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे मंद घनीभवन हे दुसरे उदाहरण. बंदिस्त क्षेत्रात प्रत्येक अंतरिम फलितातील तांब्याची सरासरी 4 टक्केच भरली पाहिजे. ती सरकत असल्यास दोष धातुशास्त्राचा नसून गणनाचा आहे. सीमेच्या घन बाजूस तांब्याचे प्रमाण द्रव बाजूच्या सुमारे 0.17 पट असावे. ते बरेच अधिक आढळल्यास सीमेची कृत्रिम जाडी कारणीभूत असू शकते. या दोषावर कार्मा यांनी 2001 मध्ये दुरुस्ती सुचविली. अखेरीस उरलेल्या द्रवातील तांबे सुमारे 33 टक्क्यांपलीकडे आणि तापमान 548 अंश सेल्सिअसच्या बरेच खाली जाऊनही दुसरी प्रावस्था दिसत नसेल, तर तिच्या केंद्रकनिर्मितीची अट दिली आहे का, हे पाहावे.

कालपायरीचाही हिशेब हवा. द्रवातील विसरण-गुणांक 3 × 10⁻⁹ चौरस मीटर प्रतिसेकंद व जालांतर 1 मायक्रोमीटर धरल्यास साध्या द्विमितीय पद्धतीत कालपायरी सुमारे 8 × 10⁻⁵ सेकंदांपेक्षा मोठी चालत नाही. जालांतर निम्मे केल्यास ही मर्यादा चतुर्थांशावर येते आणि एकूण गणन सुमारे सोळापट होते. हा भार टाळण्यासाठी जाल विरळ ठेवण्याचा मोह होतो व बहुतेक दोषांचा उगम तेथे सापडतो.

निष्कर्ष

दोष शोधताना आधी वस्तुमानाचा ताळा, मग सीमेवरील प्रमाण, त्यानंतर वाढीचा वेग आणि सर्वांत शेवटी चित्राचे साम्य, हा क्रम श्रेयस्कर ठरतो. प्रचलित प्रथेत तो नेमका उलटा आहे. प्रतिरूपणाच्या आधारे ओतकामाची रचना ठरणार असेल, तर या उलट क्रमाची किंमत प्रत्यक्ष धातूला मोजावी लागते. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत निदान तीन अंतरिम फलिते व वस्तुमानाचा ताळा जोडण्याचा आग्रह मार्गदर्शकांनी व परीक्षकांनी धरल्यास प्रतिरूपणाला चित्राऐवजी पुराव्याचे मोल प्राप्त होईल.