पीळ

मराठीत समीक्षा होते ती पुस्तकांची, फार तर नाटकांची. कुणी किसणीवर, गाळणीवर किंवा फरशी पुसायच्या मॉपवर टीकालेख लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. वास्तविक कवितासंग्रह न वाचता माणूस सुखाने जगतो, पण फरशी रोज पुसावी लागते. (म्हणजे आमच्याकडे कुणाला तरी लागते. अस्मादिक त्या वेळी पाय वर घेऊन पेपर वाचतात.)

या लेखाचं निमित्त आमची आक्का. ती सांगलीत, मी साताऱ्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर मी आक्काकडे गेलो, तर घरात घोटाभर गाळ. जाडा गाळ फावड्याने निघतो, उरलेला खराट्याने. पण शेवटी साबणासारखा बुळबुळीत थर राहतो, तो फडक्याशिवाय हटत नाही. बुडवा, पुसा, पिळा, पुन्हा बुडवा. चौथ्या दिवशी आक्काचा उजवा अंगठा मुळाशी टम्म सुजला. डॉक्टर म्हणाले, "काही दिवस पिळायचं नाही."

"मग फरशीने काय करायचं?" आक्काने विचारलं. डॉक्टरांकडे त्यावर गोळी नव्हती.

तेव्हा मला प्रथम कळलं, की पुसण्यात कष्ट पुसण्याचे नसतात, पिळण्याचे असतात. फडकं घट्ट धरून दोन हात उलट दिशांना फिरवायचे, म्हणजे अंगठ्याच्या टोकाशी लावलेला जोर मुळाच्या सांध्यावर कैक पटींनी पडतो. रोज वीस-पंचवीस पीळ, आणि अशी चाळीस वर्षं. हिशेब कुणी ठेवला?

मी साताऱ्यात येऊन तडक एक मॉप घेतला. दांड्यावर सरकणारी नळी, ती फिरवली की दोऱ्या पिळल्या जातात. असाच स्वतःला पिळणारा मॉप जॉय मँगानो या बाईंनी १९९० मध्ये अमेरिकेत काढला आणि त्यावर त्या श्रीमंत झाल्या. हात घाण पाण्यात घालायला नको, ही त्यातली खरी सोय. पण मी आणलेल्या अवताराची नळी पेनाच्या टोपणाएवढी बारीक! बरणीचं झाकण फिरवायला सोपं, टोपण अवघड, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आक्का म्हणाली, "अरे बाळ्या, वाकणं वाचलं बघ. पिळणं आहे तिथंच आहे."

मग आली फिरकीची बादली. दांडा खाली दाबला की आतल्या मळसूत्रामुळे जाळी गरगर फिरते आणि पाणी बाहेर फेकलं जातं. पीळच नाही! मी मनातल्या मनात त्या कारागिराला हार घातला. पण बादली नीट पाहिली तर फेकलेलं घाण पाणी पुन्हा त्याच बादलीत. तिसऱ्या खोलीपर्यंत आपण पहिल्या खोलीतला गाळ मोठ्या इमानाने पोचवतो. शिवाय दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन, त्याला सुपारीएवढी चाकं, आणि मोरीला उंबरा. ती बादली उचलून कलती करणार कोण? पुन्हा तोच अंगठा. चित्र काढणाऱ्याने उंबरा नसलेलं घर डोळ्यांपुढे ठेवलं असावं आणि बादली रिकामी करायला दुसरं कुणी तरी.

ही खोड जुनी आहे. स्पेनमध्ये बायका गुडघे टेकून फरशा घासत. मान्वेल हालोन नावाच्या विमान अभियंत्याने अमेरिकनांच्या हँगरमध्ये रूळ लावलेली बादली आणि मॉप पाहिला आणि १९५६ मध्ये सारागोसात तसा विकायला आणला. नाव त्याचं झालं. पण त्याआधी, १९५३ मध्ये, आविलेस गावच्या एका मायलेकींनी बादलीला लावायच्या पिळणीची नोंदणी केली होती. ज्यांचे गुडघे दुखत होते त्यांना ते आधी सुचलं, यात नवल नाही. त्यांचं नाव मागाहून निघालं, यातही नाही.

आणि रुळांचं म्हणाल, तर दोन रुळांत घालून चिपाड होईपर्यंत पिळण्याची विद्या आमच्या कृष्णाकाठाला कुणी शिकवावी? ऊस आम्ही तसाच पिळतो. सांगली जिल्ह्यातच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती वसवली. तिथून लोखंडी नांगर निघाले, उसाचे चरक निघाले. एवढ्या चरकांच्या मुलखात फडक्यापुरता एक चिमुकला चरक बादलीच्या काठावर बसवावा, असं शंभर वर्षांत कुणाच्या मनात येऊ नये? ऊस बाजारात जातो, फडकं मोरीत जातं, एवढाच फरक.

आक्काने आमच्या संशोधनाची वाट पाहिली नाही. तिने जुन्या पंचाचे हातरुमालाएवढे आठ तुकडे केले. एका खोलीला एक-दोन. मळला की बाजूला, पुन्हा बुडवायचा नाही. शेवटी सगळे धुवून वॉशिंग मशीनच्या सुकवायच्या भांड्यात. पिळणं मशीनकडे. जावईबापूंनी "त्याच मशीनमध्ये?" म्हणून नाक मुरडलं, तर तिने त्यांच्या हातात दोन तुकडे दिले. ते हल्ली हॉल पुसतात.

परवा फोनवर मी भीतभीत विचारलं, "आक्का, तो नळीचा मॉप टाकून दिलास का गं?"

"टाकीन कशाला? दांडा चांगला लांब आहे. जळमटं काढते त्यानं."