‘आम्ही’ म्हणजे कोण? – मराठी प्रवासवर्णन आणि दोघांची सहल

काही वर्षांपूर्वी सीमाभागातल्याच एका दिवाळी अंकात मी धारवाडवर एक लेख लिहिला होता. लेख बरा उतरला असावा. अंक निघाल्यावर दोन-चार पत्रे आली, बाजारात भेटलेल्यांनी थांबवून सांगितले. साधनकेरीच्या तळ्याजवळ भेटलेल्या एका आजीबाईंचा परिच्छेद सगळ्यांना विशेष आवडला. सासूशी मराठी, शेजाऱ्यांशी कन्नड आणि नातवंडांशी दोन्हींची भेसळ, अशी आपल्या घरातली भाषेची वाटणी त्या आजींनी मोठ्या मजेत सांगितली होती. पत्नीने अंक वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, “छान झालंय. पण तुम्ही एकटेच गेला होता होय धारवाडला?”

मी म्हटले, “अगं, जागोजाग ‘आम्ही’ लिहिलंय की.”

“ते ‘आम्ही’ राजेलोक स्वतःला म्हणतात तसलं. आजी कन्नडमध्ये बोलत होत्या. तुम्हाला त्यातलं कळलं किती?”

खरे सांगायचे तर निम्मेही कळले नव्हते. पत्नीचे माहेर गोकाकचे. तिची कन्नड घरची, माझी बाजारातली. आजींना बोलते केले तिने, हसली ती, आणि परतीच्या बसमध्ये कित्तूर येईपर्यंत मला सगळे पुन्हा मराठीत सांगितले तेही तिनेच. मी मात्र लिहिताना ‘आजी म्हणाल्या’ असे लिहून मोकळा झालो. त्यात लबाडी करण्याचा हेतू नव्हता. आपल्याकडे असेच लिहितात, म्हणून मीही लिहिले. तेव्हापासून प्रवासवर्णन हाती घेतले की मी आधी त्यातला ‘आम्ही’ तपासतो. त्या तपासातून जे दिसले ते येथे मांडतो.

मराठी प्रवासवर्णनाचा पिंड लांबच्या वाटेचा आहे. गोडसे भटजी वरसईहून निघाले ते काकांबरोबर, द्रव्य मिळवायला, मथुरेच्या यज्ञाची वार्ता ऐकून. आणि सापडले १८५७च्या धामधुमीत. ‘माझा प्रवास’ छापून आला १९०७ साली. त्यातला ‘माझा’ अगदी सरळ आहे. बायको घरी होती, तेव्हा तिला पुस्तकात जागा नाही याची तक्रार कोणी करणार नाही. अडचण सुरू होते ती नवराबायको बरोबर निघू लागल्यावर.

आणि इथे एक गंमत दिसते. जोडप्याचा प्रवास मराठीत प्रथम नीट लिहिला तो स्त्रियांनी, तोही प्रवासवर्णन म्हणून नव्हे, आठवणी म्हणून. रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१०चे. न्यायमूर्तींची नोकरी फिरतीची, आणि रमाबाई सोबत. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून त्या त्यांचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. आजच्या वाचकाला पहिली काही पाने हे चमत्कारिक वाटते, मग त्याची सवय होते. कलकत्त्याच्या मुक्कामात न्यायमूर्ती बंगाली शिकायला बसतात तो प्रसंग पाहा. हजामत चालू असताना ते न्हाव्यालाच शब्दांचे उच्चार आणि अर्थ विचारतात, आणि रमाबाई ते ऐकून नवऱ्याची थट्टा करतात. पुढे त्यांच्याकडूनच त्या बंगाली शिकतात. परक्या भाषेच्या गावी मुक्कामाला गेलेले जोडपे यापेक्षा चांगले कोठे दिसणार? कोणी कोणाला विचारले, कोण शिकले, कोण हसले, सगळे जागच्या जागी आहे. आदर पुरेपूर आहे आणि आदरामुळे काही झाकलेले नाही.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त (१९३४ ते १९३६) तोच माणूस ‘टिळक’ होतो. टिळकांना घरात न सांगता चालू लागायची खोड, म्हणून त्या संसारात प्रवास म्हणजे पुष्कळदा एकाने निघून जाणे आणि दुसरीने वाट पाहणे. पण लक्ष्मीबाई आपली फजिती आणि टिळकांचा विसराळूपणा एकाच तराजूत घालतात. सुनीताबाई देशपांड्यांच्या ‘आहे मनोहर तरी’त (१९९०) तो ‘भाई’ होतो. ‘स्वतः’, ‘टिळक’, ‘भाई’. ऐंशी वर्षांत संबोधन बदलत गेले, पण तिन्ही पुस्तकांत सोबत्याला नाव आहे, आवाज आहे, दोष आहेत.

आता पुरुषांच्या बाजूला या. ‘अपूर्वाई’ (१९६०) आमच्या पिढीने किती वेळा वाचली याची गणती नाही. पु. ल. विलायतेला निघाले ते सपत्नीक, हे वाचक कधी विसरत नाही. पण पुस्तक मिटल्यावर सुनीताबाईंना ते लंडन कसे वाटले, असे कोणी विचारले तर आपण घुटमळतो. मी स्वतः घुटमळलो. पु. लं.वर हा आरोप नाही. त्यांनी बायकोला विनोदाचे गिऱ्हाईक केले नाही. फजिती करायची ती स्वतःची, हा त्यांचा सभ्यपणा होता. शिवाय बेळगावकरांना पु. ल. परके नाहीत. ते इथे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवून गेले, आणि ‘गणगोता’तले रावसाहेब आपल्याच गावचे. तरीही समीक्षक म्हणून म्हणावे लागते, की त्या पुस्तकातला ‘आम्ही’ भरला आहे तो एकाच्या डोळ्यांनी. तीस वर्षांनी ‘आहे मनोहर तरी’ आले तेव्हा अनेक वाचक दुखावले, त्याचे एक कारण हेही असावे. ज्या घराची एकच खिडकी आपण पाहिली होती, त्याची दुसरी खिडकी अचानक उघडली.

तिसरी वाट विनोदी कथेची. बडोद्याला पालीचे अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोश्यांचे चिमणराव घ्या. काऊ, मुले आणि गुंड्याभाऊ असा लवाजमा असल्यावर ‘दोघे’ उरतातच कोठे? गंगाधर गाडगिळांचा बंडू आणि त्याची स्नेहलता ही मुंबईची जोडी. तिथे दोघे आहेत, संवाद आहे, पण स्नेहलतेने बंडूचे बेत हाणून पाडायचे ही तिची नेमणूक ठरलेली. ही माणसे मला प्रिय आहेत. पण त्यांच्या मागोमाग दिवाळी अंकांतून जो सहलकथांचा पूर आला, त्यात बायको म्हणजे सामान, खरेदी आणि उशीर, एवढेच उरले. अशा कथा मी शेकड्यांनी वाचल्या आहेत. बस चुकते ती बायकोमुळे, पैसे संपतात तेही तिच्यामुळे. नवऱ्याने वेळापत्रक चुकीचे वाचले, असे एका तरी कथेत आढळावे!

मग जवळची सहल, म्हणजे सकाळी निघून रात्री परतायची किंवा फार तर एक मुक्काम करायची, साहित्यात इतकी विरळ का? एक कारण सामाजिक आहे. आमच्या आईवडिलांच्या काळात दोघांनीच विनाकारण बाहेर पडणे हेच मुळी संशयास्पद होते. लग्नकार्य, दवाखाना, नाहीतर देव असे निमित्त लागे. नरसोबाची वाडी, जोतिबा, सौंदत्तीची यल्लम्मा, मंगेशी ही देवस्थाने होती म्हणून कित्येक जोडप्यांना एकमेकांशी निवांत चार शब्द बोलता आले. “दोघंच?” हा प्रश्न आम्हालाही लग्नानंतर बरीच वर्षे ऐकावा लागला. जी गोष्ट करतानाच सबब सांगावी लागते, ती लिहायला कोण धजणार?

दुसरे कारण वाङ्मयीन आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. लांबच्या प्रवासाला स्थळाचा आधार असतो. ‘अपूर्वाई’ या शब्दातच तो आधार आहे. न पाहिलेले, नवलाचे, असे काहीतरी वाचकाला द्यायचे असते. लंडन किंवा टोकियो निम्मे लेखन स्वतःच करून देतात. धारवाड, कोल्हापूर, आंबोली यांचे नवल बेळगावच्या वाचकाला काय? पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवरच्या गावाविषयी लिहायचे तर स्थळ कामी येत नाही. उरतात ती दोन माणसे. एवढ्या वर्षांच्या सहवासानंतर एका बाकावर दोन तास बसून ती काय बोलतात, काय बोलायचे टाळतात, हे लिहावे लागते. इथे लेखक कचरतो, आणि मग माझ्यासारखा तो बेंद्र्यांचे घर व ठाकूर पेढा यांच्या माहितीमागे दडतो.

आपल्या भागात तर या दोन माणसांच्या मध्ये तिसरी गोष्ट असते, भाषा. पुण्याचे जोडपे लोणावळ्याला गेले तर भाषा बदलत नाही. आपण दीड-दोन तास कोणत्याही दिशेला गेलो की घरातला कारभार बदलतो. धारवाडला पत्नी पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे. चोर्ला घाट उतरून गोव्यात शिरलो की कोकणी समजून घेण्यात माझी सरशी, कारण माझे आजोळ तिकडचे. कोगनोळी ओलांडून कागलला पोचलो की दोघे सारखे, आणि तिथे आमचे मराठी ऐकून दुकानदार विचारतो, “बेळगावकडचे काय?” कोण पुढे आणि कोण मागे हे घाटाघाटाला बदलणारे संसार आपल्या जिल्ह्यांत हजारोंनी आहेत. मराठी कथेत मात्र कारभार एकाकडेच कायम.

धारवाडचेच पाहा. साधनकेरीला राहून द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले, १९७३चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. घरची भाषा मराठी, आणि ‘संवाद’ हे पुस्तक त्यांनी मराठीतही लिहिले. त्याच गावात जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत राहिले आणि मराठी कथा लिहीत राहिले. सुनीताबाईंशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो आता दोन्ही बाजूंनी छापलेला आहे, तिची पत्रे ‘प्रिय जी. ए.’मध्ये. हे सगळे माझ्या लेखात होते. नव्हते ते एवढेच, की बेंद्र्यांची कविता मला पहिल्यांदा पत्नीने समजावून सांगितली, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, स्वयंपाकघरात.

अलीकडे तर विषय आपणहून दारात आले आहेत. जून २०२३पासून कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये राज्यातल्या बायकांना तिकीट नाही. धारवाडच्या बसमध्ये पत्नी ओळखपत्र दाखवून शून्याचे तिकीट घेते आणि माझ्याकडे पाहून म्हणते, “तुमचे पैसे मी देते. मला स्वस्तात पडतंय.” महाराष्ट्राच्या एस.टी.त त्याच वर्षीपासून तिला अर्धे तिकीट. एकाच संसारात, एकाच आठवड्यात, हद्दीप्रमाणे बायकोची किंमत वेगळी! आणि डिसेंबर २०२२मध्ये सीमावाद पेटून बसगाड्या थांबल्या, तेव्हा आमची कोल्हापूरची पिशवी भरून तयार होती. ती दोन दिवस तशीच दारामागे राहिली. पत्नीने त्यातला कुंदाही बाहेर काढला नाही, “उद्या सुटेल” म्हणत. या पिशवीवर सीमाप्रश्नाची एक चांगली कथा होईल. आपल्याकडे सीमाप्रश्नावर भाषणे, ठराव, कविता भरपूर. ती पिशवी कोणी लिहिली नाही. मीही नाही.

यावर एक आक्षेप येईल, तो रास्त आहे. नवराबायकोतले सगळे छापायला हवे का? काही लेखक पत्नीविषयी गप्प राहतात ते तिला कमी लेखून नव्हे, तर तिचे खासगीपण राखण्यासाठी. आपल्याच गावच्या इंदिरा संतांचे उदाहरण बोलके आहे. पती ना. मा. संत यांच्याबरोबर त्यांनी ‘सहवास’ हा संग्रह १९४० साली काढला. मुखपृष्ठावर दोघांची नावे. पुढे १९४६ साली पती गेल्यावर त्यांच्या कवितेत तो सहवास राहिला, पण संसाराचा तपशील त्यांनी चव्हाट्यावर मांडला नाही. संकोचातूनही मोठे लेखन होते, हे त्यांच्याच गावात राहून मी नाकारणार नाही.

म्हणून माझी मागणी गुपिते सांगण्याची नाही, ती हिशेबाची आहे. भांडण लिहू नका, पण माहिती कोणी काढली ते लिहा. रस्ता कोणी विचारला, कोणत्या भाषेत विचारला, उत्तर कोणाला कळले, एवढे तरी ‘आम्ही’ म्हणणाऱ्याने सांगावे. रमाबाईंनी १९१०मध्ये, नवऱ्याचे नावही न घेता, हे करून दाखवले. नाव घ्यायची पूर्ण मोकळीक असताना आपल्याला ते जमू नये, यात आपला आळस आहे. आणि थोडी सोयही.

हा लेख पत्नीला वाचून दाखवला. सगळा ऐकून घेतला तिने. मग म्हणाली, “आजी ‘सासू’ नव्हत्या म्हणाल्या. ‘सासूची आई’ म्हणाल्या होत्या. तुम्ही तेव्हाही चुकीचं लिहिलं होतं.”

त्या जुन्या लेखाच्या वाचकांनी कृपया तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.