चांदनीचा शेवट मुलांना लिहू द्या

डॉ. झाकीर हुसेन यांची 'अब्बू खाँ की बकरी' ही कथा उर्दू बालसाहित्यात मानाची समजली जाते. अलमोड्याचे अब्बू खाँ, त्यांची लाडकी शेळी चांदनी आणि डोंगरावरच्या मोकळ्या हवेची तिला लागलेली ओढ. ती कोठडीच्या खिडकीतून निसटते, रात्रभर लांडग्याशी झुंजते आणि पहाटे अजानच्या सुमारास कोसळते. झाडावरची पाखरे म्हणतात, लांडगा जिंकला. एक म्हातारे पाखरू मात्र म्हणते, चांदनी जिंकली.

वर्गात आम्ही या कथेचे काय करतो? धडा संपला की फळ्यावर नसीहत लिहितो : वडीलधाऱ्यांचे ऐकावे. मुले ती वहीत उतरवतात. लेखकाने म्हाताऱ्या पाखराच्या तोंडी जे घातले, नेमके त्याच्या उलट! दोष मुलांचा नाही, आम्हा शिक्षकांचा आहे.

आल्फाँस दोदे या फ्रेंच लेखकाच्या एकोणिसाव्या शतकातील कथेतही अशीच शेळी आहे. तिथे लांडगा तिला खातो. जिंकले कोण, हा पाखरांचा वाद तिथे नाही. तो झाकीरसाहेबांच्या कथेत येतो. तीच गोष्ट वेगळ्या शेवटाने सांगता येते, याचा याहून चांगला दाखला कोणता?

म्हणून आम्ही एकदा पाठकोऱ्या कागदांची छोटी पुस्तके शिवली, उर्दूच्या रीतीने उजवीकडून उघडणारी. मुलांना सांगितले, शेवट तुमचा, चित्रेही तुमचीच. एका मुलीने चांदनीला घरी परत आणले, पण अब्बू खाँच्या दाराला कडी ठेवली नाही. काही घरांत सजीवांची चित्रे काढत नाहीत. अशा घरातल्या एका मुलाने फक्त तुटलेला दोर, उघडी खिडकी आणि तारे काढले. आम्हाला तेच चित्र सर्वांत बोलके वाटले. काहींनी घरची बोली लिहिली, इमला चुकला. लाल पेन उचलण्याचा मोह आम्ही आवरला. इमला दुसऱ्या दिवशी वेगळा शिकवला.

एक गोष्ट मात्र टोचली. बऱ्याच पुस्तकांच्या शेवटी मुलांनी न सांगता नसीहत लिहिलीच होती. ही सवय आम्हीच लावलेली.

पालकांनाही एक विनंती. मूल असे पुस्तक घेऊन घरी आले तर 'यातून काय शिकलास?' असे विचारू नका. 'मग पुढे काय झाले?' एवढेच विचारा.