तिमाहीला ३०० डॉलर : मी चुकीचा वाचलेला एक पेपर

पेटच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न आहे, "अलीकडे वाचलेल्या एखाद्या पेपरबद्दल सांगा." आपण बहुतेक जण निष्कर्ष सांगतो आणि गप्प बसतो. मीही तेच करत आले. आज जो पेपर घेतलाय तो माझ्या विषयातला नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते आणि हा पेपर अर्थशास्त्राचा आहे. पण तो मी चुकीचा वाचला आणि माझ्या मावसबहिणीचं एक सेमिस्टर त्यात गेलं, म्हणून त्यावर लिहितेय.

ताई पुण्यात एलएलबी झाली, तीन वर्षं एका वकिलांकडे ज्युनिअर होती, मग लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. एच-फोर व्हिसावर शिकता येतं, नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणांना वर्क परमिट मिळू लागलं, तेही नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापर्यंत पोचलं असेल तरच. तिचं परमिट येईल असं दिसू लागल्यावर तिने जवळच्या कम्युनिटी कॉलेजमधला पॅरालीगलचा सर्टिफिकेट कोर्स बघून ठेवला आणि मला मेसेज केला : "अगं, तू रिसर्चवाली ना? असल्या कोर्सने खरंच पगारात फरक पडतो का ते बघ. पंधरा दिवसांत फी भरायचीय."

आपल्याकडे पॅरालीगल म्हटलं की विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरा लीगल व्हॉलंटिअर आठवतात, मानधनावर गावोगाव कायद्याची माहिती देणारे. अमेरिकेतलं पॅरालीगल वेगळं. तो पूर्णवेळ पगारी पेशा आहे : वकिलाच्या देखरेखीखाली कागदपत्रं तयार करायची, जुने निकाल शोधायचे, केसची फाइल सांभाळायची. अशिलाला स्वतःहून कायद्याचा सल्ला मात्र द्यायचा नाही. बहुतेक राज्यांत त्यासाठी लायसन्स लागत नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्याने किमान पात्रता कायद्यात लिहून ठेवलीय. कम्युनिटी कॉलेज म्हणजे स्थानिक, तुलनेने स्वस्त कॉलेज, जिथे दोन वर्षांची असोसिएट डिग्री किंवा त्याहून छोटी सर्टिफिकेटं मिळतात.

आता पेपर. जेप्सन, ट्रॉस्क आणि कूम्स यांचा, २०१४ मध्ये जर्नल ऑफ लेबर इकॉनॉमिक्समध्ये आलेला. केंटकी राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत २००२ ते २००४ दरम्यान पहिल्यांदा प्रवेश घेतलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांच्या नोंदी त्यांनी राज्याच्या पगाराच्या नोंदींशी जोडल्या. निष्कर्ष असा की असोसिएट डिग्री किंवा डिप्लोमा मिळवलेल्या स्त्रियांची कमाई तिमाहीला सुमारे २४०० डॉलरने वाढली आणि पुरुषांची सुमारे १५०० ने. सर्टिफिकेटची वाढ मात्र जेमतेम ३०० डॉलर.

मी गुणाकार केला. ३०० गुणिले ४, वर्षाला १२००. ताईला लिहिलं, "फी आणि दोन सेमिस्टरचा वेळ बघता नको करूस. पेपर चांगल्या जर्नलमधला आहे." तिने फी भरली नाही.

महिन्याभराने लॅबमध्ये चहा पिताना मी ही गोष्ट जरा फुशारकीनेच सांगितली. आमच्या मॅडमनी प्लेट बघताना विचारतात तोच प्रश्न विचारला, "कंट्रोल काय होता?" मला सांगता येईना. मी गोषवारा आणि एक तक्ता वाचला होता. त्या रात्री पेपर पहिल्यापासून वाचला.

कंट्रोल असा होता : कॉलेजात प्रवेश घेतला पण काहीच पूर्ण न करता बाहेर पडलेले विद्यार्थी. शिवाय प्रत्येक माणसाची त्याच्या स्वतःच्या आधीच्या कमाईशी तुलना. अर्थशास्त्रात याला फिक्स्ड इफेक्ट म्हणतात. हुशारी, चिकाटी, घरची परिस्थिती असं जे काही त्या माणसात कायम असतं ते या तुलनेत आपोआप वजा होतं. ही पद्धत मला फार आवडली. 'पॅरालीगलचा मध्यम पगार इतका, म्हणून कोर्स करा' असं सांगणाऱ्या जाहिरातींपेक्षा ती कितीतरी प्रामाणिक आहे. अमेरिकी श्रम खात्याच्या मे २०२४ च्या आकड्यांत हा मध्यम पगार वर्षाला ६१,०१० डॉलर आहे, पण त्यात वीस वर्षं काम केलेलेही येतात आणि चार वर्षांची पदवी असलेलेही. त्यातला किती भाग कोर्समुळे, हे त्यावरून कळायला मार्ग नाही.

पण जे बदलतं ते या पद्धतीत वजा होत नाही. ऑर्ली अ‍ॅशनफेल्टर यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं की प्रशिक्षणाला येणाऱ्यांची कमाई प्रशिक्षणाच्या थोडं आधी घसरलेली असते. नोकरी गेलेली असते म्हणून तर माणूस शिकायला येतो! मग त्या खड्ड्यापासून मोजलं तर नंतरची वाढ मोठी दिसणारच. या क्षेत्रातले लोक ती काळजी घेतात. ताईच्या बाबतीत मात्र हा खड्डा केवढा? तिची अमेरिकेतली आधीची कमाई शून्य, आणि तीही कायद्याने. परमिट हातात पडल्यावर ती कोर्स न करता कुठेही लागली असती तरी कमाई शून्यावरून वर गेली असती. तिचं 'आधी' आणि केंटकीतल्या पस्तिशीच्या कामगाराचं 'आधी' एका तागडीत बसत नाही. म्हणजे ३०० हा आकडा तिच्यासाठी कमी की जास्त हेही मला म्हणता येत नव्हतं, आणि मी तो तिला अगदी ठामपणे कळवला होता.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते, कारण ती संख्याशास्त्र न येताही दिसायला हवी होती : 'सर्टिफिकेट' हा शब्द. केंटकीच्या नोंदींत सर्टिफिकेट म्हणजे एखाद-दोन सेमिस्टरचं काहीही, कुठल्याही विषयातलं. पेपरमध्ये विषयांचे मोठे गट पाडलेत, पण त्यांत पॅरालीगल वेगळं दिसत नाही. ताई बघत होती तो कोर्स अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेला होता. त्यांच्या नियमानुसार अभ्यासक्रम एकूण किमान ६० सेमिस्टर-तासांचा लागतो आणि त्यात कायद्याचे खास विषय किमान १८ तासांचे. आधीची पदवी असलेल्याला सामान्य विषयांची सूट मिळते, म्हणून उरतं त्याला कॉलेज सर्टिफिकेट म्हणतं. तासांच्या हिशोबाने ते असोसिएट डिग्रीच्या जवळचं, आणि नावाने तक्त्याच्या सगळ्यात खालच्या ओळीतलं. मी नाव बघून ओळ निवडली. बाटलीवरचं लेबल वाचून कल्चर ओळखणाऱ्या एमएस्सीच्या मुलांना मीच ओरडते.

विषयाने किती फरक पडतो याचा पुरावा दुसरीकडे होता. स्टीव्हन्स, कुर्लेंडर आणि ग्रॉस यांनी कॅलिफोर्नियातल्या व्यावसायिक कोर्सेसवर केलेल्या कामात (२०१९) वाढ १४ ते ४५ टक्क्यांपर्यंत पसरलेली दिसते. सगळ्यात जास्त आरोग्यक्षेत्रात. एवढा पसारा असताना एक सरासरी उचलून कुणाला सल्ला देणं म्हणजे... जाऊ दे.

पेपरला एक खरी मर्यादा आहे, ती मुलाखतीत जरूर सांगा. पगाराच्या नोंदी राज्याच्या बेरोजगारी विम्याच्या आहेत. उत्तर केंटकीत राहून नदीपलीकडे ओहायोतल्या सिनसिनाटीत रोज कामाला जाणारा माणूस त्या नोंदींत सापडत नाही. स्वतःचा धंदा करणाराही नाही. शिकून राज्याबाहेर चांगली नोकरी मिळवणारे वगळले गेले तर आकडा कुठल्या बाजूला झुकेल, हा गृहपाठ तुमच्यासाठी.

आणि काळ. त्या विद्यार्थ्यांचा पगार २००८ पर्यंत पाहिलाय. पॅरालीगलच्या नोकऱ्या दहा वर्षांत किती वाढतील याचा श्रम खात्याचा अंदाज २०२१-३१ साठी १४ टक्के होता. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत तो ४ वर आला आणि त्यापुढच्या वर्षी १ वर. हा बदल ताईच्या निर्णयाला केंटकीच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त लागू आहे. फी न भरण्याचा माझा सल्ला कदाचित बरोबरही ठरेल. पण मी तो ज्या कारणासाठी दिला ते कारण चुकीचं होतं.

हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं, माफीही मागितली. ती हसली आणि म्हणाली की दरम्यान तिने स्वतःच आसपासच्या लॉ फर्मच्या जाहिराती बघायला घेतल्या होत्या. कुठे सर्टिफिकेट मागतात, कुठे पदवी आणि अनुभव, आणि भारतातल्या ज्युनिअरशिपला अनुभव धरतात का, हे ती फोन करून विचारत होती. दोन ठिकाणी हो म्हणाले, बऱ्याच ठिकाणी नाही. इमिग्रेशनचं काम करणाऱ्या एका छोट्या ऑफिसने तिचं मराठी, हिंदी ऐकून परमिट आलं की ये म्हटलंय.

जानेवारीत तिने एकच विषय घेतलाय, लीगल रिसर्च आणि रायटिंग. पूर्ण कोर्सचं नंतर बघू म्हणाली. त्या कॉलेजला तिने एक ईमेलही केलाय : परदेशी कायद्याची पदवी घेऊन तुमच्याकडे आलेल्यांपैकी किती जणांना वर्षभरात काम मिळालं? अजून उत्तर नाही.