उंच पायांची दोन विमानं

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीजवळून जाणाऱ्या सडकेला आपल्याकडे अजून सोलापूर-धुळे रोडच म्हणतात. कागदोपत्री ती राष्ट्रीय महामार्ग ५२ आहे. पंजाबात संगरूरला निघते आणि कर्नाटकात अंकोल्याला, अरबी समुद्राच्या काठी संपते. म्हणजे बालाघाटच्या या पठारावरून मोटरसायकल दक्षिणेला काढली आणि फाटे सोडत सरळ जात राहिलं, तर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता स्वतःच आपल्याला समुद्रावर नेऊन सोडतो. तिथून उजवीकडे वळायचं. गोव्यापर्यंतच्या त्या चिंचोळ्या पट्टीत नौदलाची दोन जुनी विमानं उभी आहेत. कारवारला टीयू-१४२, बोगमाळोला सुपर कॉन्स्टलेशन. दोन्ही एकाच स्क्वाड्रनची, आयएनएएस ३१२ ची. एक रशियन, एक अमेरिकन; पण त्यांच्या बांधणीत एकच अडचण आहे आणि तिची दोन वेगळी उत्तरं आहेत. ती उत्तरं शेजारी ठेवून वाचण्यात जो आनंद आहे, तो मला या सगळ्या वाटेचा अर्क वाटतो.

गोव्याच्या दाबोळी विमानतळावर उतरूनही बोगमाळो गाठता येतं. पण गुडघ्यांमध्ये इंजिन धरून गेलेल्या माणसाला तिथं जास्त दिसतं, असं मला ठामपणे वाटतं. माझी बुलेट जुन्या बांधणीची, बिडाच्या इंजिनाची. दट्ट्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि त्याची धाव ९० मिलिमीटर. धाव व्यासापेक्षा लांब, म्हणून ठोका सावकाश आणि खोल पडतो. साठ-सत्तरच्या वेगात चढ आला तरी गिअर न बदलता ती निवांत चढते. सुरू करतानाची रीतही पाहण्यासारखी आहे. किक हळूच दाबत अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणायचा, डिकॉम्प्रेशनचा लीव्हर ओढून दट्ट्या जरा पुढं सरकवायचा, मग एकच पूर्ण किक. सिलिंडरभोवतीच्या फिन्स वाऱ्यासाठी आहेत. पाणी नाही, पंखा नाही, आपण चाललो तरच ती थंड राहते. १९५५ साली मद्रासला या गाडीची जुळणी सुरू झाली ती मुळात भारतीय लष्कराच्या मागणीमुळे. तिच्यात शोभेसाठी म्हणून बसवलेला भाग शोधू गेलं तर फार थोडा सापडतो, आणि तरी ती देखणी आहे.

निघण्याआधी सामानात कुंथलगिरी-सरमकुंडीकडचा पेढा बांधून घ्यावा. खवा चांगला परतल्याशिवाय त्याला तो किंचित तपकिरी रंग आणि रवाळपणा येत नाही. परतलेला असतो म्हणूनच उन्हातल्या प्रवासात तो टिकतो. फटाक्यांच्या कारखान्यांचं तेरखेडा, येरमाळ्याची येडेश्वरी, धाराशिव, तुळजापूरचा घाट, सोलापूर. हा टप्पा आपल्या माणसांना सांगायला नको. भीमा ओलांडली की पाट्यांची लिपी बदलते, आणि तासाभरात गोलघुमट दिसू लागतो.

विजापुरात मात्र गोलघुमटापेक्षा मी सिंह बुरुजाला जास्त वेळ देतो. तिथली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. पुढं ती आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती, आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवानं ती विजापूरला नेली. वजन ५५ टनांच्या घरात. आपण बुलेटवरून ज्या मुलखातून सहज आलो, तिथून हे धूड बैलांच्या आणि हत्तींच्या बळावर आलं. तोंडाशी उभं राहून नीट पाहा. सिंहाचा जबडा उघडा आहे, आणि दातांच्या फटीत, बाजूला, एक हत्ती भरडला जातोय. समोरून पाहणाऱ्याला सिंहच दिसतो. हत्ती पाहायला बगलेला यावं लागतं. धातू घंटेच्या जातीचा, तांब्यात कथील मिसळलेला. सकाळी निघताना स्पोकवरून पाना फिरवला की ताठ स्पोक खणखणतो आणि सैल स्पोक मुका राहतो, हे ज्याच्या कानात आहे, त्याला घट्ट ओतीव धातूची पारख वेगळी शिकवावी लागत नाही. पावणेपाचशे वर्षांच्या उन्हापावसानंतरही त्या नळीचा गुळगुळीतपणा हाताला कळतो. ओतणाऱ्याच्या हाताला दाद द्यावी ती इथं.

कोल्हारला कृष्णा, मग नरगुंद-नवलगुंदची काळी सपाट रानं. हा भाग रसाचा नाही आणि तो रसाचा आहे असं भासवायचं कारण नाही. मान खाली घालून हुबळी गाठावी. रात्री इंजिन निवू द्यावं, सकाळी थंड असताना टॅपेट पाहावेत, चेनला तेल द्यावं. खरी मजा यल्लापूरनंतर. अरबैलचा घाट उतरताना दोन्ही बाजूंनी झाडी दाटते आणि हेल्मेटच्या काचेवर दमट वाफ धरू लागते. मराठवाड्याचं पठार सहाशे मीटरहून उंच, इथून खाली आपण शून्याकडे निघालेलो. हवा दाट होते. एका ठोक्यात जास्त हवा आत जाते, आणि इंजिन जरा भरून बोलू लागतं. बदल बारीक असतो, पण दोन दिवस तोच आवाज ऐकत आलेल्या कानाला तो लागतो. दाट हवा, विरळ हवा आणि तिच्यातून काढायचं बळ, या पुढच्या सगळ्या गोष्टीची ही प्रस्तावना आहे.

कारवारचं टीयू-१४२ रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर, ‘चपळ’ या जुन्या क्षेपणास्त्र नौकेच्या शेजारी उभं आहे. अरक्कोणमहून सुटं करून रस्त्यानं आणलं आणि इथं पुन्हा जोडलं. लांबी ५३ मीटर, पंखांचा पसारा ५० मीटर. आकारानं दबून जाण्याआधी पंखांचा कोन पाहा. पंख मागं झुकलेले आहेत, जेट विमानाचे असतात तसे. आणि त्याच पंखांवर प्रॉपेलर आहेत. ही जोडी जगात फार थोड्या विमानांत दिसते. पंखा फिरवून ताशी नऊशे किलोमीटरच्या जवळ जायचं, तर पंख झुकवावेच लागले.

आता इंजिनाच्या नाकाशी या. प्रत्येकी सुमारे १५,००० अश्वशक्ती. एवढी ताकद एका पंख्याला पचवायची, तर पाती प्रचंड लांब करावी लागतील आणि त्यांची टोकं आवाजाच्या वेगापलीकडे जाऊन कामातून जातील. म्हणून तुपोलेवच्या मंडळींनी एकामागं एक दोन पंखे बसवले, प्रत्येकी चार पात्यांचे, उलट दिशांना फिरणारे. पुढच्यानं पिळवटून मागं टाकलेली हवा मागचा सरळ करतो. थोडं खाली वाकून दोन्हींमधली फट पाहिली की पात्यांचे उलट पीळ स्पष्ट दिसतात. एवढं करूनही पंख्याचा व्यास साडेपाच मीटरच्या वर गेलाच, आणि तो जमिनीला लागू नये म्हणून विमानाला उंच पाय आले. एवढे लांब पाय पंखात मावेनात, तेव्हा पंखाच्या मागच्या कडेला लांबट पेट्या काढून चाकं त्यांत घ्यावी लागली. एक निर्णय दुसऱ्याला कसा ओढून आणतो, ते इथं जमिनीवर उभं राहून डोळ्यांनी वाचता येतं.

जाण्याआधी शेपटीचा माथा पाहायचा राहू देऊ नका. उभ्या शेपटीच्या टोकातून मागं निघालेला तो दांडा शोभेचा नाही. पाण्याखाली पाणबुडी असेल तर तिच्या लोखंडामुळं पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात बारीक फरक पडतो. तो टिपणारं यंत्र तिथं ठेवलेलं असतं, विमानाच्या स्वतःच्या धातूपासून जमेल तितकं लांब. १९८८ ते २०१७ अशी जवळजवळ तीस वर्षं या जातीच्या विमानांनी हिंदी महासागरावर हीच राखण केली. एवढं मोठं अंग, आणि त्याचा सगळ्यात नाजूक ज्ञानेंद्रियाचा भाग असा टोकावर, एकटा. मला हा तपशील फार आवडतो.

काळी नदी ओलांडून, काणकोण-मडगाव करत बोगमाळोला आलं की नौदलाचं हवाई संग्रहालय लागतं. ते १९९८ मध्ये सुरू झालं. आवारात बरीच विमानं आहेत. त्यांतली दोन सावकाश पाहावीत. पहिलं सी हॉक. १९७१ च्या डिसेंबरात ‘विक्रांत’वरून उडून याच जातीच्या विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ले केले. त्याच्या शेपटीत जेटचं तोंड शोधाल तर सापडणार नाही. इंजिनाचा झोत दोन वाटांनी फोडून पंखांच्या मुळाशी, दोन्ही बगलांतून बाहेर काढला आहे. त्यामुळं धडाचा मागचा भाग मोकळा राहिला आणि तिथं इंधन भरता आलं. समुद्रावरून परत बोटीवर यायचं असतं. इंधनाला जागा हवीच.

दुसरं सी हॅरियर. उभ्यानं उतरणारं विमान म्हणून त्याची कीर्ती आहे, आणि बघे दोन्ही बाजूंच्या चार फिरत्या तोट्या पाहून पुढं सरकतात. तुम्ही खाली पाहा. तोट्यांनी दोन्ही बगला अडवल्यामुळं चाकांना नेहमीची जागा उरली नाही. म्हणून मुख्य चाकं धडाखाली एका रेषेत, मोटरसायकलच्या चाकांसारखी एकामागं एक, आणि तोल जाऊ नये म्हणून पंखांच्या टोकांकडं दोन बारके टेकू. दोन चाकांवर सहाशेहून जास्त किलोमीटर काढून आलेल्या माणसाला या विमानाशी ओळख सांगावी लागत नाही. १९८३ मध्ये आलेली आणि पुढं ‘विराट’वरून उडालेली ही तुकडी २०१६ मध्ये इथंच, गोव्यात, निवृत्त झाली.

आणि मग सुपर कॉन्स्टलेशन. पन्नासच्या दशकात एअर इंडियानं हे घेतलं तेव्हा याचं नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’. वेरूळची राणी! मराठवाड्यातून गेलेल्याला हे कळल्यावर त्या विमानाभोवती आणखी एक फेरी मारावीशी वाटते. पुढं ते हवाई दलाकडं गेलं. १९७६ मध्ये ३१२ स्क्वाड्रन उभी राहिली ती याच जातीच्या विमानांवर, सागरी टेहळणीसाठी.

बगलेनं उभं राहून धडाची रेषा नाकापासून शेपटीपर्यंत डोळ्यांनी चाला. ती कुठंच सरळ नाही. नाकाशी खाली झुकते, पाठीवर हलकी फुगते, आणि शेपटीकडं वर चढते. लोक या वळणाला कविता म्हणतात. पण तिचं मूळ कारवारला पाहिलेल्याच अडचणीत आहे. इथंही पंखे मोठे, म्हणून विमान जमिनीपासून उंच. आणि मग पुढच्या चाकाचा पाय फार लांब, फार कमजोर होऊ लागला. तुपोलेवनं पंख्याचे दोन पंखे केले. लॉकहीडनं धडच वाकवलं: नाक खाली आणलं की पुढचा पाय आखूड झाला, शेपूट वर नेली की ती पंख्यांच्या खवळलेल्या हवेतून सुटली. या वळणाची किंमत कारखान्यानं मोजली. धडाच्या कमानी एका मापाच्या राहिल्या नाहीत, जवळजवळ प्रत्येक कमान वेगळी कापावी लागली. पुढच्या काळातल्या विमानांनी सरळ नळी पत्करली, कारण ती स्वस्त पडते आणि हवी तेवढी लांबवता येते.

शेपटीला तीन उभे पंख का, हेही इथंच पाहून घ्या. एकच केला असता तर तो इतका उंच झाला असता, की तेव्हाच्या हँगरच्या दारांतून विमान आत गेलं नसतं. उंची वाटून तिघांत घातली. त्या तीन गोलसर पात्यांची मांडणी मागून पाहिली, तर दाराच्या मापाचा विचार मनातही येत नाही. एवढी ती सहज आहे.

इंजिनाशी आलं की मी थांबतोच. अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन गोल ओळींत. मागची ओळ पुढच्या ओळीच्या फटींसमोर येईल अशी किंचित फिरवलेली, म्हणजे वारा फटीतून मागच्यांपर्यंत पोचतो. थंडाव्याची तीच रीत, तशाच फिन्स. पण एका इंजिनाचं माप सुमारे ५५ लिटर. हिशेब केला तर त्याच्या एका सिलिंडरमध्ये माझ्या बुलेटची जवळजवळ नऊ इंजिनं मावतात, आणि असे बहात्तर सिलिंडर एका विमानावर. शिवाय वाया जाणाऱ्या धुराच्या वाटेवर प्रत्येक इंजिनाला तीन छोटी चक्रं बसवली आहेत. धूर ती फिरवतो आणि ते बळ पुन्हा मुख्य दांड्याला मिळतं. सायलेन्सरच्या नळीतून किती ऊब वाया जाते हे ज्याच्या पोटरीला ठाऊक आहे, त्यानं या युक्तीला हात जोडावेत.

या जागेला आणखी एक आठवण आहे. १८ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्तीच्या कारवाईत, विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, आणि इमारतींना धक्का लावायचा नाही हा हुकूम काटेकोर पाळला. तेव्हा तिथं पोर्तुगीजांची दोन विमानं उभी होती. त्यांतलं एक सुपर कॉन्स्टलेशनच होतं. त्याच रात्री उरलीसुरली धावपट्टी घाईनं सावरून ती दोन्ही विमानं पोर्तुगीज अधिकाऱ्यांची कुटुंबं घेऊन निसटली. उंच पायांचं, एवढं जड विमान अंधारात त्या तोकड्या पट्टीवरून उचललं, हे वैमानिकाचं कसब शत्रूचं म्हणून कमी ठरत नाही.

कारवारचं विमान बळात मोठं आहे, पण दोघांत माझं मत बोगमाळोच्या राणीला. तुपोलेवचं उत्तर जास्त जोरकस, लॉकहीडचं जास्त सुंदर. आणि सुंदर उत्तराला इथं खाऱ्या वाऱ्यात, चार महिन्यांच्या पावसात उघड्यावर उभं राहावं लागतं आहे. तिच्यावर छप्पर यावं, ही नौदलाला आणि गोवा सरकारला कळकळीची विनंती. तुम्ही जाल तर दसऱ्यानंतर जा, घाट कोरडे असतात. आधी कारवार, मग बोगमाळो. सोमवारी संग्रहालय बंद असतं.